वाचक विचारतात : सुतारकामाची यंत्रे आणि गोव्याचा पाऊस

चवथीच्या आधीचे दोन महिने सुताराच्या शेडमध्ये सगळ्यात घाईचे. मखर, चौरंग, माटोळीची (गणपतीवर फळे-पाने टांगायची) चौकट, पाहुणे यायच्या आत दुरुस्त करायची दारे. नेमके हेच दोन महिने यंत्रांना सगळ्यात वाईट. या वेळची पत्रे बहुतेक त्याबद्दलचीच आहेत: गंज, ठिणग्या, जळका वास, फळीवर उठणारे ओरखडे.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. गोव्यात यंत्र कामाने कमी मरते, आत राहिलेल्या भुशाने जास्त. हवेतला दमटपणा ९० टक्क्यांवर गेला की लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण २० टक्के पाणी धरून बसते, आणि भुसा म्हणजे लाकूडच. भुशाने भरलेले यंत्र पावसाळ्यात फळीवर ठेवणे म्हणजे मोटारीला ओला बोळा बांधून ठेवणे.

एक गोष्ट प्रत्येक उत्तरात पुन्हा लिहीत नाही. खाली जिथे ‘उघडा’, ‘पुसा’, ‘हाताने फिरवा’ असे म्हटले आहे, तिथे प्लग सॉकेटमधून काढलेला आहे असे धरले आहे. भिंतीवरचे बटण बंद करून भागत नाही. ट्रिगरचे लॉक दाबलेले राहिले असेल आणि कोणी पंख्याचे समजून ते बटण लावले, तर यंत्र तुमच्या बोटांसकट सुरू होते. प्लग काढून यंत्राशेजारी, डोळ्यांसमोर ठेवा. बॅटरीच्या यंत्राची बॅटरी काढा.

प्रश्न : आमची शेड समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. हँड रंधा मशीनचा तळ आणि टेबल करवतीचा बिडाचा पत्रा दर पावसाळ्यात तांबूस होतो. वडील खोबरेल तेल लावायचे. ते बरोबर का? (काणकोण)

उत्तर : वडिलांच्या हातरंध्याला ते चालून गेले, कारण तो रोज हातात असायचा आणि रोज पुसला जायचा. यंत्राच्या तळाला खोबरेल नको. ते वाळत नाही, भुसा धरून ठेवते आणि तळावरून फळीला लागते. तेल लागलेल्या जागी गोंद धरत नाही, पॉलिशही डाग दाखवते. गिऱ्हाईक तो डाग तुमच्या पॉलिशवर ढकलते, खोबरेल कोणाच्या लक्षात येत नाही.

किनाऱ्यावर अडचण दुहेरी आहे. खाऱ्या हवेतले मिठाचे कण पत्र्यावर बसतात आणि मीठ हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे पाऊस नसतानाही पत्र्यावर पाण्याचा पातळ थर राहतो. म्हणून आधी मीठ काढायचे, मग गंज, आणि शेवटी वरून मेणाचा थर द्यायचा. हा क्रम उलटला तर मेणाखाली गंज वाढतो आणि तो दिसतसुद्धा नाही.

पत्रा ओल्या कापडाने एकदा पुसा. कापड पिळून घ्या, पाणी ठिबकता कामा नये. लगेच कोरड्या कापडाने कोरडा करा. मग टर्पेंटाइनचे चार थेंब टाकून बारीक स्टील वूलने किंवा भांडी घासायच्या हिरव्या पॅडने एकाच दिशेने, पत्र्याच्या लांबीने घासा. गोल गोल घासले की चरे पडतात आणि लाकूड अडखळते. गंजाचे खड्डे पडले असतील तर ४०० नंबरचा वॉटर पेपर ठोकळ्याला गुंडाळून वापरा. पेपर नुसत्या बोटांनी दाबला तर पत्र्यात खळगा होतो. काळपट डाग राहिला तर राहू द्या, तो सपाट असला की काम बिघडत नाही.

आता मेण. फर्निचर किंवा फरशीला लावायचे घट्ट पेस्ट मेण चालते, पण डब्यावर सिलिकॉन लिहिलेले असेल तर घेऊ नका. सिलिकॉन लाकडावर उतरले की पॉलिशमध्ये माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. मेणाचा अगदी पातळ हात द्या, दहा-पंधरा मिनिटे थांबा, मऊ कापडाने चोळून चमकवा, आणि दुसरा हात द्या. जून ते सप्टेंबर दर तीन-चार आठवड्यांनी हे पुन्हा करावे लागेल. लाकूडही पत्र्यावर हलके सरकते, म्हणजे करवतीकडे ढकलताना जोर कमी लागतो.

टर्पेंटाइन लावताना खिडक्या उघड्या हव्यात आणि विडी बंद. भिजलेले कापड वाऱ्यावर पसरून वाळवा, मगच टाका. तुम्ही जवसाचे तेल वापरत असाल तर त्याचे बोळे कधीच गुंडाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडते आणि ढिगाऱ्यात ती साठून कापड आपोआप पेट घेते. असे बोळे पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावेत.

जे यंत्र महिनाभर लागणार नाही, ते कंपनीच्या प्लॅस्टिक पेटीत तसेच बंद करू नका. पेटी ओल बाहेर ठेवत नाही, आतली ओल आतच ठेवते. आधी भुसा काढा, यंत्र दोन-तीन मिनिटे रिकामे चालवून गरम करा, थंड होऊ द्या. मग पेटीत १००-२०० ग्रॅम सिलिका जेलची पुरचुंडी टाकून झाकण लावा. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये १२० अंशांना दोनेक तास सुकवून पुन्हा वापरता येते. पेटी जमिनीवर नको, फूटभर उंच फळीवर ठेवा. शेणाची असो वा सिमेंटची, जमीन पावसात पाझरतेच. दर पंधरवड्याला एकदा यंत्र काढून रिकामे चालवा. मोटारीच्या उबेने वाइंडिंगमधली (आतल्या तारेच्या गुंडाळीतली) ओल निघून जाते.

प्रश्न : ८२ मिलिमीटरच्या रंधा मशीनची पाती नवीन घातली. आता फळीच्या शेवटी खड्डा पडतो आणि मधे लांब रेघा उठतात. पाती चांगल्या दुकानातून घेतली होती. दुकानदार म्हणतो मशीन जुने झाले. (डिचोली)

उत्तर : मशीन जुने झालेले नाही आणि पातीही वाईट नाहीत. पाती बसवण्यात चूक झाली आहे, आणि कुठली झाली ते फळीच सांगते.

फळीच्या सुरुवातीला खड्डा पडत असेल तर पाते मागच्या तळापेक्षा खाली राहिले आहे. शेवटी खड्डा पडत असेल तर ते मागच्या तळाच्या वर निघाले आहे. मधे ओरखडे किंवा रेघा उठत असतील तर पाते मागच्या तळाला समांतर नाही, एक टोक वर आणि एक खाली आहे, नाहीतर धारेला दात पडला आहे. दातामुळे उठणारी रेघ नेहमी एकाच जागी, सरळ आणि उंचवट्यासारखी असते. तुमच्या पत्रावरून शेवटचे दोन्ही दोष एकत्र आहेत.

घोटाळ्याचे मूळ असे, की पुढचा तळ बटण फिरवून वरखाली होतो आणि तो किती खाली त्यावर रंधा किती खोल घेईल ते ठरते. मागचा तळ हलत नाही. म्हणून पात्याची धार नेहमी मागच्या तळाच्या पातळीत लावायची. बरेच जण पुढच्या तळाशी जुळवतात, आणि तिथेच घोडे पेंड खाते.

आता बसवायची पद्धत. यंत्र उलटे करून टेबलावर दोन पट्ट्यांवर ठेवा. ड्रम फिरू नये म्हणून बाजूने लाकडी पाचर घाला, हाताने धरू नका. जाड हातमोजे घाला. हातमोजे फक्त पाते हाताळताना, यंत्र चालू असताना नाही. तेव्हा मोजा ड्रममध्ये ओढला गेला तर बोटेही जातात. पान्ह्याने बोल्ट सैल करा. चिकटले असतील तर टर्पेंटाइनचा एक थेंब टाकून पाच मिनिटे थांबा. जोर लावला तर पान्हा निसटतो आणि मूठ थेट धारेवर जाते.

पाते काढल्यावर जी खाच दिसते, तीच बहुतेक वेळा गुन्हेगार असते. तिथे भुसा आणि चीक दाबून दगड झालेला असतो. चिमूटभर थर राहिला तरी पाते तेवढे वर येते. लाकडी काडी आणि जुन्या टूथब्रशने खाच, पात्याची पाठ आणि दाबपट्टी तिन्ही पुसा. लोखंडी पटाशीने खरवडू नका, ड्रमवर ओरखडा पडला तर पुढचे पाते तिथे कधीच सपाट बसत नाही.

पाते कार्बाइडचे (पोलादाहून कठीण, पण ठिसूळ धातुमिश्रणाचे) दुधारी असेल तर एक धार बोथट झाल्यावर उलटून दुसरी वापरता येते. दोन्ही संपल्या की फेकायचे, घरी घासून धार येत नाही. हायस्पीड स्टीलचे पाते घासता येते, पण दोन्ही पाती एकत्र, सारखीच घासलेली हवीत. एक नवे आणि एक जुने कधीच घालू नका. वजनात फरक पडला की ड्रम थरथरतो आणि बेअरिंग जाते.

पाते खाचेत बसवून बोल्ट हलके आवळा. आता सहा इंची स्टीलची पट्टी मागच्या तळावर आडवी ठेवा, तिचे टोक ड्रमवर येईल अशी. ड्रम हाताने हळूच, कापण्याच्या उलट दिशेने फिरवा. धार सर्वांत वरच्या जागी आली की पट्टीला जेमतेम चाटून गेली पाहिजे. पट्टी उचलली गेली तर पाते वर आहे. स्पर्शच झाला नाही तर खाली. ही तपासणी पात्याच्या डाव्या टोकाला, मधे आणि उजव्या टोकाला, अशी तीनदा करा. पट्टी नसेल तर रंधलेली सरळ लाकडी पट्टी त्याहून बरी, तिच्यावर धार लागल्याचा सूक्ष्म ओरखडा दिसतो. मग बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. एकच बोल्ट पूर्ण आवळून पुढच्याला गेलात तर पाते त्या बाजूला सरकते आणि केलेली सगळी मेहनत जाते. आवळून झाल्यावर पट्टीने पुन्हा तपासा. दुसऱ्या पात्यालाही हेच. कंपनीने पाते जुळवायचा छोटा गेज दिला असेल तर तो वापरा, पण वरची पट्टीची तपासणी चुकवू नका.

दोन्ही पाती सारखी असणे का महत्त्वाचे, याचा हिशेब सोपा आहे. ड्रम मिनिटाला १६ हजार फेरे घेत असेल तर दोन पाती ३२ हजार काप घेतात. मिनिटाला चार मीटर वेगाने रंधा सरकवला तर एका कापाला ०.१२५ मिलिमीटर लाकूड येते. एक पाते खाली राहिले तर सगळे काम दुसरे करते आणि प्रत्येक काप ०.२५ मिलिमीटरचा होतो. त्याच लाटा फळीवर नखाला जाणवतात.

शेवटी सगळे बोल्ट पुन्हा बघा, ड्रम हाताने एक पूर्ण फेरा फिरवून कुठे घासत नाही ना ते पाहा. मगच प्लग लावून मशीन अंगापासून लांब धरा, ड्रमच्या रेषेत उभे न राहता मिनिटभर रिकामे चालवा. थरथर जाणवली तर बंद करा.

रंधताना सुरुवातीला पुढच्या मुठीवर भार आणि शेवटी मागच्या मुठीवर. मत्तीसारख्या कठीण लाकडाला एका वेळी अर्धा मिलिमीटर पुरे. बटण सोडले तरी ड्रम काही सेकंद फिरत राहतो, तोवर मशीन खाली ठेवायचे नाही. ठेवताना पुढचा तळ एखाद्या पट्टीवर टेकवा, म्हणजे धार टेबलापासून उचललेली राहते. भुसा फेकायच्या तोंडात ढलप्या अडकल्या तर बोट घालू नका. ढलप्या काढायच्या त्या काडीनेच.

जाता जाता: बाजूचे झाकण उघडून बेल्टही बघून घ्या. आत रबराची काळी पूड किंवा बेल्टवर भेगा दिसल्या तर बेल्ट बदला. नवा बेल्ट छोट्या पुलीवर चढवून मोठी पुली हाताने फिरवत दाबला की बसतो. स्क्रू ड्रायव्हरने उचकटला तर दोऱ्या तुटतात आणि तो आठवडाभरात जातो.

प्रश्न : फणसाच्या ओल्या फळ्या फाडल्यापासून करवतीचे ब्लेड लाकूड जाळते, धूर येतो. धार लावून आणली, तरी तसेच. (मडगाव)

उत्तर : धार गेलेली नव्हतीच, ब्लेड चिकाने माखले होते. फणसाला चीक असतो हे आम्ही गोंयकारांना काय सांगायचे, पण त्याच्या ताज्या लाकडातही तो असतो हे करवतीला जास्त ठाऊक. ब्लेडचे दात त्याच्या अंगापेक्षा जाड असतात. समजा काप २.६ मिलिमीटर आणि पत्रा १.८, तर दोन्ही बाजूंना ०.४ मिलिमीटर मोकळीक राहते. चिकाचा थर ती मोकळीक भरून टाकतो. मग ब्लेड कापत नाही, घासते. घासले की तापते, तापले की चीक आणखी भाजून बसतो, आणि तापलेले ब्लेड वाकून लाकूड उलटे फेकू शकते.

ब्लेड काढा. प्लॅस्टिकच्या टबमध्ये लिटरभर कोमट पाणी, त्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा. ॲल्युमिनियमची परात घेऊ नका, सोडा तिला खातो. रबरी मोजे घाला. ब्लेड १५-२० मिनिटे भिजत ठेवा आणि नायलॉनच्या ब्रशने दाताच्या मागून पुढे घासा. तारेचा ब्रश आणि लोखंडी खरवडणे टाळा. कार्बाइडचा दात कठीण असतो पण काचेसारखा ठिसूळ, टवका उडतो. कॉस्टिक सोडा तर नकोच. त्वचा आणि डोळे जातात, ब्लेडच्या लेपाचेही भले होत नाही. स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच पुसा आणि उन्हात, पाऊस असेल तर केस वाळवायच्या यंत्राने, कोरडे करा. गोव्यात ओले ब्लेड अर्ध्या तासात पिवळे पडते. शेवटी मेणाचा पातळ हात.

धुतल्यावर उजेडात धरून दात मोजा. एखादा गळालेला किंवा तडकलेला दात, किंवा पत्र्याला भेग दिसली तर ते ब्लेड संपले, त्याला धार लावून उपयोग नाही. टोपीसारखे खालचे झाकण त्याच वेळी पुसा. चीक बसला की स्प्रिंग ओढू शकत नाही आणि झाकण अर्धवट उघडेच राहते. झाकण पुढे ढकलून सोडा, ते टक्कन परत आले पाहिजे. येत नसेल तर भुसा साफ करून खुंटीवर ग्राफाइटची पूड टाका. तेल टाकलेत तर पुढच्या दिवशी तिथे भुशाचा लगदा. झाकण तारेने मागे बांधून काम करणारे शहाणे दर तालुक्यात सापडतात, त्यांच्याबद्दल इतकेच की त्यांच्या बोटांची मोजणी वेळोवेळी करावी.

माडाच्या लाकडाबद्दलही पत्रात विचारले आहे. बाहेरचा भाग फार कठीण आणि धार खाणारा, त्याला कार्बाइडच हवे. साध्या लोखंडी ब्लेडची एका दिवसात माती होते.

प्रश्न : मोटारीतून ठिणग्या येतात आणि जळका वास. कंप्रेसरने हवा मारली तर बिघडले जास्तच. (पेडणे)

उत्तर : छोट्या निळसर ठिणग्या ब्रशच्या मोटारीत चालतात. लांब, पिवळ्या, किंवा गोल कड्यासारख्या फिरणाऱ्या ठिणग्या चालत नाहीत. कारण बहुधा कार्बन (मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ठोकळे, यांनाच ब्रश म्हणतात) संपलेत, नाहीतर ते ज्यावर घासतात तो तांब्याचा गोल, म्हणजे कम्युटेटर, घाण झाला आहे.

मोटारीच्या दोन बाजूंना प्लॅस्टिकच्या दोन टोप्या असतात. रुंद स्क्रू ड्रायव्हरने त्या काढा, कार्बन बाहेर येतील. कोणता कुठल्या बाजूने निघाला, त्याचा वाकडेपणा कुठे होता, ते लक्षात ठेवा. कार्बनवर संपल्याची रेघ असते, ती गाठली की बदला. रेघ नसेल तर पाच-सहा मिलिमीटर उरले की बदला. दोन्ही एकदम बदला, एक नवा आणि एक जुना असे नको. मॉडेलला लिहिलेलाच नंबर घ्या. मऊ-कठीणपणात फरक असतो, आकार जुळला म्हणजे झाले असे नाही. कार्बन बसतो ती खोबण कोरड्या ब्रशने पुसा, कार्बन तीत मोकळेपणे सरकला पाहिजे. अडकला तर कम्युटेटरला नीट टेकत नाही आणि ठिणगी तिथूनच सुरू होते. नवे घातल्यावर दहा मिनिटे रिकामे चालवा, कार्बनचे टोक कम्युटेटरच्या गोलाईला बसते. तरी ठिणग्या राहिल्या तर आर्मेचर (मोटारीचा फिरणारा भाग) तपासायला दुकानात द्या. पेट्रोलने आत धुण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

आता कंप्रेसर. टाकीत दमट हवा दाबली की पाणी सुटते. पावसाळ्यात टाकीचे खालचे नळकोंडे रोज सकाळी उघडून पाणी काढले नाही, तर तुम्ही मोटारीत हवा नव्हे, फवारा मारता. बिघडायचे कारण तेच असावे. हवेचा दाब दोन बारपेक्षा (३० पीएसआय) जास्त ठेवू नका. नळीचे तोंड मोटारीच्या छिद्रापासून वीतभर लांब, फटके छोटे, जागा मोकळी, डोळ्यांवर चष्मा आणि नाकाला मास्क. आमची पसंती मात्र आधी व्हॅक्यूमने भुसा ओढून काढण्याला. हवा मारल्यावर बाहेर आलेल्या भुशापेक्षा आत ढकललेला जास्त असू शकतो. छिद्रातून सुई, तार घालू नका. आतल्या तांब्याच्या तारेवर वार्निशचा पातळ थर असतो, तो फाटला की शॉर्ट.

भुसा नाकात जातो त्याबद्दल वेगळे पत्र आले नाही, तरी लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या गटात घातली, विशेषतः नाकाच्या पोकळीच्या कर्करोगासाठी. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. सँडर चालवताना एन-९५ मास्क लागतो, आणि साफसफाईच्या वेळीही. उडणारी धूळ तेव्हाच जास्त असते.

प्रश्न : जुन्या घराच्या वाशांतले लाकूड रंधायचे आहे. दोन ब्लेडांचे दात गेले. (फोंडा)

उत्तर : खिळे. जुन्या घरातल्या भालात (तुळईत) गंजून आत मोडलेले खिळे असतात, बाहेर फक्त काळा ठिपका दिसतो. शे-दीडशे रुपयांचे चुंबक दोऱ्याला बांधून वाशावर फिरवले तर वरचे खिळे कळतात. खोल असलेल्यांसाठी हातात धरायचा धातुशोधक लागतो. खिळा सापडला की शेजारी बारीक छिद्र पाडून चिमट्याने ओढा. लाकूड कापायचे पाते तिथे नेऊ नका. कौलाखालच्या वाशाला चुन्याचा गिलावा लागलेला असेल तर रंध्याआधी तारेच्या ब्रशने तो झाडा. चुना आणि त्यातली वाळू धार इतक्या वेगाने खातात की धार खाणारे लाकूड म्हणून सागाचे नाव घ्यायचे कारण उरत नाही. आणि वाळवी पोखरलेल्या जागी रंधा एकाएकी आत शिरतो, तिथे हळू.

प्रश्न : मार्बल कटरला लाकडाचे ब्लेड लावून प्लायवुड कापतो. काही वाईट? (म्हापसा)

उत्तर : हो. मार्बल कटरला खालून आपोआप झाकणारी टोपी नसते. काप संपला तरी ११० मिलिमीटरचे ब्लेड उघडे फिरत राहते. कापाच्या मागे लाकूड मिटू नये म्हणून असणारी पट्टीही नसते, त्यामुळे ओले लाकूड ब्लेड चिमटते आणि यंत्र उडते. भोकाचा व्यास जुळतो म्हणून ब्लेड बसते, इतकेच. चार इंची ग्राइंडरवर दातांचे लाकडी ब्लेड लावणे तर त्याहूनही वाईट. ग्राइंडर मिनिटाला साधारण ११ हजार फेरे घेतो आणि त्याची मूठ, गार्ड दोन्ही त्या कामाची नाहीत. प्लायवुडसाठी छोटी वर्तुळाकार करवत घ्या, सेकंडहँड मिळाली तरी चालेल.

प्रश्न : पावसात यंत्राचा शॉक बसतो. २५ मीटर लांब वायर जोडतो. (सत्तरी)

उत्तर : आधी यंत्र आणि वायर दोन्ही बंद करून तपासा, शॉक बसत असताना ‘थोडे काम उरकून घेतो’ हे नको. पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर यंत्र दुहेरी आवरणाचे आहे, त्याला अर्थिंगची तार नसते. ते सुरक्षित असते ते कोरडे असेपर्यंतच. आत पाणी आणि भुशाचा लगदा झाला की आवरण असून नसल्यासारखे. टेबल करवतीसारख्या धातूच्या यंत्राला तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग हवेच, तिसरी पिन तोडलेला प्लग बदला. शेडच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा आणि त्याचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. वायरला चीर पडली असेल तर टेप गुंडाळू नका. तेवढा तुकडा कापून पुन्हा जोडून घ्या, किंवा वायरच बदला.

वायरची जाडीही बघा. १४०० वॅटची करवत चालताना साधारण ६ अँपिअर घेते, सुरू होताना कितीतरी पट जास्त. ०.७५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या २५ मीटर वायरमध्ये (जाऊन-येऊन ५०) साधारण ८ व्होल्ट चालतानाच गळतात आणि सुरुवातीच्या झटक्यात ३० हून जास्त. १.५ चौरस मिलिमीटर घेतली तर जवळपास निम्मे. व्होल्टेज पडले की मोटार दमते, तुम्ही यंत्र जोराने ढकलता, आणि आर्मेचर तापते. रीळवरची वायर पूर्ण सोडून वापरा. गुंडाळलेली वायर आतून तापून वितळते.

प्रश्न : ग्राइंडरच्या गिअरमध्ये ग्रीस किती भरायचे? आणि बेअरिंगला ‘डब्ल्यूडी-४०’ मारू का? (वास्को)

उत्तर : गिअरच्या घराच्या एक तृतीयांश ते अर्धे भरा, पूर्ण भरू नका. जास्त ग्रीस आत घुसळून तापते आणि सील फोडून मोटारीत शिरते. दुसऱ्या नंबरचे लिथियम ग्रीस घ्या, आधीचे काळे ग्रीस टर्पेंटाइनने पुसून काढूनच. सील केलेल्या बेअरिंगवर डब्ल्यूडी-४० मारू नका, आतले ग्रीस धुऊन निघते. त्याचे काम गंजलेला बोल्ट सोडवणे आणि ओल बाजूला सारणे, ग्रीसचे काम करणे नव्हे. बेअरिंग खरखरत असेल तर त्याच्या कडेवरचा नंबर वाचून नवे घ्या.

प्रश्न : राउटरचा बिट काम करता करता खाली सरकतो. कॉलेट कितीही आवळले तरी. (साखळी)

उत्तर : कॉलेटच्या (बिट पकडणाऱ्या चिरा पाडलेल्या नळीच्या) फटींत भुसा बसला आहे. कॉलेट काढून पितळी ब्रशने आतून-बाहेरून साफ करा. तेल लावू नका. बिटचा दांडा पूर्ण आत घालून दोन-तीन मिलिमीटर मागे ओढा, मग आवळा. तळाला टेकवून आवळलेला बिट कंपनाने सुटतो. बिट नसताना नट आवळून ठेवले तर कॉलेटचे ओठ दबून कायमचे वाकतात. साफ करूनही बिट सरकत असेल तर नवा कॉलेट घ्या, तोवर राउटर बाजूला ठेवा.

प्रश्न : बॅटरी ड्रिल चार महिने पडून राहणार. बॅटरी भरून ठेवू का? (कुडचडे)

उत्तर : नाही. अर्धी, म्हणजे ४०-५० टक्के भरून, यंत्रापासून वेगळी, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत नको. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका आणि कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. बॅटरीच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर दिसला तर खोडरबराने हलकेच पुसा आणि कोरड्या ब्रशने पूड झाडा.